चित्रीकरणाच्या सेटवरील परिभाषा: नव्या साहाय्यक दिग्दर्शकासाठी मार्गदर्शिका

मराठी मालिकेच्या किंवा चित्रपटाच्या सेटवर साहाय्यक दिग्दर्शक म्हणून प्रथमच रुजू होणाऱ्या व्यक्तीच्या कानावर पहिल्याच दिवशी असंख्य पारिभाषिक शब्द पडतात, आणि त्यांची यादी करून ती पाठ करण्याचा मोह होणे स्वाभाविक असते. या पद्धतीने शिकलेले शब्द प्रत्यक्ष कामाच्या वेळी फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण सेटवर उच्चारलेला जवळजवळ प्रत्येक शब्द ही कुणीतरी कुणाला तरी दिलेली सूचना असते. म्हणून शब्द शिकताना तो कोण उच्चारतो, तो कुणासाठी असतो आणि तो ऐकल्यावर आपण काय करायचे असते, या तीन गोष्टी एकत्रच लक्षात ठेवाव्यात. पुढील विवेचन याच दृष्टीने केले असून काम ज्या क्रमाने घडते, साधारण त्याच क्रमाने शब्द घेतले आहेत.

फ्रेम, शॉट, टेक आणि दृश्य

सर्वांत लहान घटक म्हणजे फ्रेम, म्हणजेच एक स्थिर चित्र. चित्रपटासाठी सेकंदाला २४ फ्रेम चित्रित करण्याची पद्धत आहे, तर भारतातील दूरचित्रवाणी प्रसारण पूर्वीपासून पाल प्रणालीवर आधारलेले असल्यामुळे मालिका आणि वृत्तवाहिन्यांमध्ये २५ फ्रेमचा हिशेब चालतो. हा वेग चित्रीकरणापूर्वी निश्चित करून कॅमेरा विभाग, ध्वनिमुद्रक आणि संकलक या तिघांनाही कळवावा लागतो, कारण एका ठिकाणी २४ आणि दुसऱ्या ठिकाणी २५ राहिल्यास चित्र व आवाज यांचा मेळ बसवताना संकलकाचे काम विनाकारण वाढते. कॅमेऱ्याला दिसणाऱ्या चौकटीलाही फ्रेम असेच म्हणतात. ‘फ्रेम क्लिअर करा’ अशी हाक आली, तर त्या चौकटीत उभ्या असलेल्या प्रत्येकाने तत्काळ बाजूला व्हायचे असते.

कॅमेरा सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत जे चित्रित होते तो शॉट आणि त्याच शॉटचा प्रत्येक प्रयत्न म्हणजे टेक. अनेक शॉट मिळून एक दृश्य, म्हणजे सीन, तयार होते. स्थळ किंवा काळ यांपैकी एक जरी बदलले, तरी दृश्य बदलते आणि त्याला नवा क्रमांक मिळतो. एकच संभाषण दिवाणखान्यात सुरू होऊन अंगणात संपत असेल, तर प्रेक्षकाला ते सलग वाटले तरी कागदावर ती दोन दृश्ये असतात. दोन्ही ठिकाणची प्रकाशयोजना, सजावट आणि ध्वनी वेगळे असल्यामुळे ही विभागणी आवश्यक ठरते.

चित्रीकरणापूर्वीचे कागद

कथा, पटकथा आणि संवाद हे लेखनाचे तीन टप्पे बहुतेकांना माहीत असतात. त्यानंतर तयार होणारे कागद साहाय्यकाच्या रोजच्या वापरातले असतात. वन-लाइन म्हणजे प्रत्येक दृश्याचा एका ओळीतला सारांश. ब्रेकडाउन म्हणजे त्या दृश्याला लागणारे कलाकार, वेशभूषा, वस्तू, वाहने, प्राणी आणि विशेष उपकरणे यांची विभागवार नोंद. प्रॉपर्टी, किंवा सेटवर सर्रास म्हटले जाते तसे प्रॉप, म्हणजे कलाकार हाताळतो ती वस्तू. पत्र, चहाचा कप आणि मोबाइल हे प्रॉप असतात, तर भिंतीवरचे घड्याळ ही सजावट असते. मात्र कलाकाराने ते घड्याळ उतरवून हातात घेतले, की ब्रेकडाउनमध्ये त्याची नोंद प्रॉप म्हणून व्हावी लागते.

चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. एका स्थळावरची सर्व दृश्ये एकत्र घेणे आणि कलाकारांच्या उपलब्ध तारखा सांभाळणे यांवर वेळापत्रक ठरते, आणि त्यातून दररोजचे कॉल शीट, म्हणजे त्या दिवसाच्या कामाचा तपशील देणारा कागद, निघते. कॉल टाइम म्हणजे हजर होण्याची वेळ, आणि ती प्रत्येकासाठी वेगळी असू शकते. ज्या कलाकाराला रंगभूषेसाठी दीड तास लागतो, त्याची वेळ पहिल्या शॉटच्या वेळेआधी किमान तेवढी असली पाहिजे. कॉल शीट हाती येताच आपले नाव शोधून थांबू नये. कोणती दृश्ये आहेत, ती दिवसाची आहेत की रात्रीची, आणि कथेतला तो कितवा दिवस आहे, हे आधी पाहावे. कथेतल्या दिवसाचा क्रमांक मालिकेत विशेष महत्त्वाचा असतो, कारण तीन भागांतील दृश्ये एकाच दुपारी घेतली जातात आणि प्रत्येकाची साडी वेगळी असते.

रेकी म्हणजे स्थळाची पूर्वपाहणी. त्या वेळी केवळ दृश्यसौंदर्य पाहून चालत नाही. सूर्य कोणत्या बाजूला असेल, वीज कुठून मिळेल, जनरेटरची गाडी कुठे उभी राहील आणि जवळ शाळेची घंटा, रेल्वे किंवा कारखाना आहे का, या बाबी तेव्हाच टिपून घ्याव्यात.

मालिकेच्या संदर्भात बँक हा शब्द रोज ऐकू येतो. प्रसारित न झालेले, परंतु पूर्ण तयार असलेले जेवढे भाग हातात असतात, तेवढी बँक. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा मजकूर लागतो. बँक संपत आली, की सेटवरची घाई का वाढते, हे यावरून समजते. रीकॅप म्हणजे मागील भागाची उजळणी, प्रीकॅप म्हणजे पुढील भागाची झलक. या दोन्हींसाठी वेगळे चित्रीकरण बहुधा होत नाही, संकलनातच त्या तयार होतात.

सेटवरील माणसे

कोणत्या कामासाठी कुणाकडे जायचे, हे कळणे परिभाषेचाच भाग आहे. छायालेखकाला सेटवर डीओपी किंवा कॅमेरामन म्हणतात आणि चित्राची चौकट व प्रकाश यांचा अंतिम निर्णय तो दिग्दर्शकाशी बोलून घेतो. फोकस पुलर कलाकार व भिंग यांमधील अंतर सतत सांभाळतो. कॅमेरा अटेंडंट भिंगे, बॅटऱ्या आणि कार्ड पाहतो. गॅफर हा प्रकाशयोजना विभागाचा प्रमुख. ध्वनिमुद्रकाबरोबर बूम ऑपरेटर असतो, आणि लांब दांड्याला लावलेला मायक्रोफोन चौकटीच्या अगदी कडेवर धरून उभे राहण्याचे त्याचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा फार कष्टाचे आहे.

स्पॉटदादा, ड्रेसदादा, मेकअपदादा ही संबोधने मराठी सेटवर रूढ आहेत आणि नवीन माणसाने तीच वापरावीत, ज्येष्ठांना केवळ नावाने हाक मारू नये. कार्यकारी निर्माता, म्हणजे ईपी, खर्च आणि वेळ यांचा हिशेब ठेवतो. मालिकेत याशिवाय वाहिनीचा क्रिएटिव्ह विभाग असतो आणि कथेतील बदलांना त्याची मान्यता लागते. म्हणून कलाकाराने संवाद बदलण्याची इच्छा व्यक्त केली, तर साहाय्यकाने स्वतः होकार न देता ती बाब दिग्दर्शकाकडे न्यावी.

शॉटचे आकार आणि दिशेचा नियम

शॉटची नावे कॅमेरा किती दूर आहे यावरून ठरत नाहीत, चौकटीत माणूस किती दिसतो यावरून ठरतात. लाँग शॉटमध्ये संपूर्ण शरीर आणि भोवतालचा परिसर दिसतो, मिड शॉट कमरेपासून वर, मिड क्लोज छातीपासून वर आणि क्लोज खांद्यांपासून वर असतो. डोळे किंवा थरथरणारी बोटे एवढेच दिसत असेल, तर तो एक्स्ट्रीम क्लोज. चौकटीची कड गुडघा, मनगट किंवा मान अशा सांध्यावर येऊ देऊ नये, असा एक उपयुक्त संकेत आहे, कारण तेथे चित्र तोडले तर अवयवच तुटल्यासारखा वाटतो.

हे आकार एकत्र कसे काम करतात, हे एका उदाहरणावरून पाहू. सुमन आणि कुसुम या दोन बहिणी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून वडिलांच्या घराच्या वाटणीविषयी बोलत आहेत. प्रथम दोघींसह संपूर्ण खोली दाखवणारा मास्टर घेतला जातो, आणि त्यात दृश्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग चालते. त्यानंतर सुमनच्या खांद्यावरून कुसुमचा चेहरा आणि कुसुमच्या खांद्यावरून सुमनचा चेहरा, असे दोन शॉट होतात. त्यांना ओव्हर द शोल्डर किंवा थोडक्यात ओएस म्हणतात. समोरच्या व्यक्तीचा खांदा अथवा केसांची कड एवढेच चौकटीत राहणार असेल, तर आपल्याकडील सेटवर त्याला सजेशन असेही म्हटले जाते. शेवटी दोघींचे स्वतंत्र क्लोज घेतले जातात. मास्टरखेरीज घेतलेल्या अशा सर्व शॉटना मिळून कव्हरेज म्हणतात. क्लोज घेताना समोरची अभिनेत्री चौकटीत नसली, तरी तिने आपले संवाद म्हणावेत, यालाच क्यू देणे म्हणतात. ती उपलब्ध नसेल, तर हे काम साहाय्यकाकडे येते. अशा वेळी संवाद स्पष्ट उच्चारावेत, गती मूळ अभिनेत्रीइतकीच ठेवावी आणि चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, ठरलेल्या बाजूला ठेवावा. नजरेची दिशा, म्हणजे लूक, चुकली तर क्लोज फुकट जातो.

आता दिशेचा नियम. दोन्ही बहिणींना जोडणारी एक काल्पनिक रेषा आहे असे समजावे. या रेषेला ॲक्सिस म्हणतात. कॅमेरा तिच्या एकाच बाजूला, १८० अंशांच्या अर्धवर्तुळात राहिला, तर सुमन नेहमी डावीकडून उजवीकडे आणि कुसुम उजवीकडून डावीकडे पाहताना दिसते. कॅमेरा रेषेपलीकडे गेला, की दोघीही एकाच दिशेला पाहत असल्याचा भास होतो, आणि त्या एकमेकींशी बोलत आहेत हे प्रेक्षकाच्या मनातून निसटते. ‘ॲक्सिस क्रॉस होतोय’ असा इशारा कुणी दिला, तर त्याचा अर्थ हा असतो. एक्झिट आणि एन्ट्री यांनाही हाच विचार लागू पडतो. पात्र एका शॉटमध्ये चौकटीच्या उजव्या कडेने बाहेर पडले, तर पुढील शॉटमध्ये ते डाव्या कडेने आत आले पाहिजे, तरच ते त्याच दिशेने पुढे चालले आहे असे वाटते. संपूर्ण परिभाषेत नवोदिताने सर्वांत अधिक वेळ द्यावा असा भाग हाच आहे, असे माझे ठाम मत आहे. घरी कागदावर दोन ठिपके काढून कॅमेऱ्याच्या जागा बदलत याचा सराव करता येतो.

चीट करणे हा शब्द ऐकून गोंधळून जाऊ नये. कलाकाराला किंवा वस्तूला मूळ जागेवरून किंचित हलवून चौकट चांगली करणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. टेबल अर्धा फूट सरकवले तरी क्लोजमध्ये ते कळत नाही, परंतु मास्टर पुन्हा घ्यायचा असेल तर ते मूळ जागी न्यावे लागते. त्यासाठी मूळ जागेवर टेपने खूण, म्हणजे मार्क, केलेली असावी.

कॅमेऱ्याच्या हालचालींपैकी पॅन म्हणजे कॅमेरा जागेवरच डावीकडे किंवा उजवीकडे वळवणे, आणि टिल्ट म्हणजे वर किंवा खाली वळवणे. ट्रॉलीत कॅमेरा रुळांवरून स्वतः पुढे-मागे जातो, तर झूममध्ये तो जागेवरच राहून भिंगाचे केंद्रांतर बदलते. हा भेद पडद्यावर स्पष्ट दिसतो. ट्रॉलीने जवळ जाताना पात्र आणि पार्श्वभूमी यांचे परस्परप्रमाण बदलते, झूमने दोन्ही सारख्याच प्रमाणात मोठी होतात.

टेकच्या वेळच्या हाका

प्रत्यक्ष चित्रीकरणापूर्वी ‘एक मॉनिटर करू या’ असे म्हटले जाते. येथे मॉनिटर म्हणजे कॅमेरा, प्रकाश आणि ध्वनी यांसह होणारी अंतिम तालीम. चित्र पाहण्याच्या पडद्यालाही मॉनिटरच म्हणतात, त्यामुळे संदर्भ लक्षात घ्यावा. तालमीत काही त्रुटी आढळल्यास ती याच वेळी सांगावी.

त्यानंतर मुख्य साहाय्यक शांततेची सूचना देतो. ‘रोल साउंड’ म्हटल्यावर ध्वनिमुद्रक यंत्र सुरू करून ‘स्पीड’ किंवा ‘रोलिंग’ असे उत्तर देतो. मग ‘रोल कॅमेरा’ आणि त्यावर कॅमेरा विभागाचे उत्तर. आधी ध्वनी आणि नंतर कॅमेरा, हा क्रम फिल्मच्या काळातला आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे ४०० फुटांचा रोल साडेचार मिनिटांच्या आतच संपतो. ध्वनियंत्र स्थिर वेगाला येईपर्यंत ती महाग फिल्म वाया जाऊ नये, यासाठी कॅमेरा शेवटी सुरू होई. आज कार्डावर चित्रीकरण होत असले तरी हा क्रम टिकून आहे, आणि त्यामुळे प्रत्येक विभागाला तयार होण्यास क्षणभर मिळतो.

आता क्लॅप. पाटीवर दृश्य, शॉट आणि टेक यांचे क्रमांक, तारीख आणि दिवस की रात्र ही माहिती असते. पाटी कॅमेऱ्याच्या चौकटीत, स्पष्ट दिसेल अशा अंतरावर धरावी, वरची पट्टी उघडी ठेवावी, ‘सीन चौदा, शॉट तीन, टेक दोन’ असे मोठ्याने म्हणावे आणि मग पट्टी एकदाच, स्वच्छ आवाज होईल अशी आपटावी. पट्ट्या एकमेकींना भिडल्याची फ्रेम आणि त्या आवाजाचा ध्वनिपट्टीवरील टोकदार ठसा हे एकमेकांशी जुळवून संकलनात चित्र व आवाज एकत्र आणले जातात. आता अनेक ठिकाणी टाइमकोडने, म्हणजे चित्र व आवाज या दोन्हींवर नोंदल्या जाणाऱ्या समान वेळेच्या आकड्यांनी, हे काम आपोआप होते, तरीही क्लॅप दिला जातो, कारण यंत्रणेत बिघाड झाल्यास तोच आधार उरतो. क्लोज शॉटमध्ये पाटी कलाकाराच्या चेहऱ्याजवळ येते, तेथे पट्टी हलकेच मिटवावी. सुरुवातीला क्लॅप देणे शक्य नसेल, तर शेवटी पाटी उलटी धरून दिला जातो, तो एंड क्लॅप. ध्वनी मुद्रित होत नसेल, तर तो म्यूट शॉट, आणि त्यात पाटी नुसती दाखवायची असते, आपटायची नसते. क्लॅप देऊन झाल्यावर कुठल्या बाजूने बाहेर पडायचे आणि कुठे उभे राहायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

‘ॲक्शन’ आणि ‘कट’ हे दोन शब्द केवळ दिग्दर्शकाचे आहेत. समोर चूक दिसली तरी साहाय्यकाने कट म्हणू नये. अपवाद एकच, आणि तो म्हणजे कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. कटनंतर दिग्दर्शक ओके, एनजी किंवा वन मोर यांपैकी काय म्हणतो, ते लॉग शीटवर लगेच नोंदवावे. एनजी म्हणजे तो टेक नापसंत, होल्ड म्हणजे तो टेक राखून ठेवायचा. पासिंग म्हणजे मागून ये-जा करणाऱ्या माणसांची हालचाल. त्यांना कोणत्या शब्दावर निघायचे हे सांगण्याचे काम साहाय्यकाचे असते, आणि प्रत्येक टेकमध्ये ती त्याच शब्दावर निघाली पाहिजेत.

कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात सारख्याच राहायला हव्यात अशा तपशिलांची, नोंदही येथेच होते. सुमनने कप कोणत्या हाताने उचलला, कोणत्या शब्दावर खाली ठेवला, पदर कोणत्या खांद्यावर होता, चहा किती उरला होता, या सर्व गोष्टी लिहाव्यात आणि प्रत्येक शॉटच्या आरंभी व शेवटी छायाचित्र काढावे. छायाचित्रात स्थिती दिसते, परंतु कृतीची वेळ दिसत नाही, म्हणून लेखी नोंदीला पर्याय नाही.

दृश्य संपल्यावर ध्वनिमुद्रक अर्धा ते एक मिनिट सर्वांना स्तब्ध उभे करतो. तो रूम टोन, म्हणजे त्या जागेचा स्वतःचा नाद. संवादांमधील मोकळ्या जागा भरण्यासाठी तो लागतो. तेव्हा सामान हलवू नये.

प्रकाश

की म्हणजे मुख्य प्रकाश, फिल म्हणजे त्याने पाडलेल्या सावल्या सौम्य करणारा आणि बॅक म्हणजे पात्राला पार्श्वभूमीपासून वेगळे करणारा मागचा प्रकाश. थर्माकोलचा पांढरा तुकडा प्रकाश परतवून चेहऱ्यावर टाकण्यासाठी, कटर तो अडवण्यासाठी आणि जेलचा रंगीत कागद त्याचा रंग बदलण्यासाठी वापरतात. रंगाचे मोजमाप केल्विनमध्ये होते. टंगस्टन दिव्यांसाठी ३२०० आणि दिवसाच्या प्रकाशासाठी ५६०० हे दोन आकडे पुरेसे आहेत. फ्लिकर म्हणजे दिव्यांची पडद्यावर दिसणारी फडफड. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे २४ फ्रेमवर चित्रीकरण करताना कॅमेऱ्याचा शटर १७२.८ अंशांवर ठेवून प्रत्येक फ्रेमला १/५० सेकंद प्रकाश दिला जातो, म्हणजे ही फडफड टळते.

स्टुडिओतील कार्यक्रम

बातम्या, चर्चा आणि स्पर्धात्मक कार्यक्रम यांत अनेक कॅमेरे एकाच वेळी चालतात आणि नियंत्रण कक्षात, म्हणजे पीसीआरमध्ये, स्विचरवर त्यांतील एकाची निवड होते. येथे ‘टेक टू’ म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र आत्ता प्रक्षेपणावर घ्या, दुसरा प्रयत्न नव्हे. ‘स्टँडबाय’ ऐकल्यावर संबंधित कॅमेरामनने चौकट स्थिर ठेवायची असते. टॅली हा कॅमेऱ्यावरचा लाल दिवा तोच कॅमेरा चालू असल्याचे दाखवतो, आणि टॉकबॅकवरून सर्वांना सूचना मिळतात. स्टुडिओबाहेरच्या कार्यक्रमासाठी हीच यंत्रणा ओबी व्हॅनमध्ये बसवलेली असते.

शिकण्याची रीत आणि चित्रीकरणानंतरचे शब्द

खिशात मावेल अशी वही ठेवावी आणि नवा शब्द ऐकला, की तो कुणी कुणाला उद्देशून म्हटला आणि त्यानंतर काय घडले, हे लिहावे. शंका टेकच्या वेळी विचारू नये. प्रकाशयोजना सुरू असताना, संबंधित विभागातील माणूस मोकळा असेल तेव्हा विचारावी. गोरेगावच्या चित्रनगरीत रूढ असलेला एखादा शब्द कोल्हापूरच्या चित्रनगरीत निराळ्या अर्थाने वापरला जात असल्यास आश्चर्य वाटू देऊ नये, तेथील प्रघात स्वीकारावा. पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये प्रभात कंपनीच्या जागेत सुरू झाली आणि फिल्म अर्काइव्ह १९६४ मध्ये स्थापन झाले. या शहरात जुने चित्रपट पाहण्याची संधी मिळत असेल, तर एखादा प्रसंग मनात आवाज बंद करून पाहावा आणि प्रत्येक शॉटचा आकार, ॲक्सिस व हालचाल यांची नावे सांगत जावीत.

पॅकअप झाल्यावर कार्डांवरील चित्रण किमान दोन स्वतंत्र ठिकाणी उतरवले गेल्याची खातरजमा होते. त्याआधी कोणतेही कार्ड रिकामे करायचे नसते. या कच्च्या चित्रणाला रशेस म्हणतात. संकलक प्रथम रफ कट बांधतो. दिग्दर्शकाच्या मान्यतेनंतर चित्र लॉक होते, म्हणजे त्यापुढे एका फ्रेमचाही बदल करायचा नसतो, कारण डबिंग, पावलांचे व वस्तूंचे आवाज निर्माण करणारे फोली, पार्श्वसंगीत, मिक्सिंग आणि रंगसंस्करणाचे डीआय ही सर्व कामे त्याच लांबीवर होतात. संकलक सेटवर हजर नसतो. सुमनच्या क्लोजचा चौथा टेक दिग्दर्शकाने का निवडला आणि तिसऱ्यात फक्त शेवटची ओळच का घ्यायची, हे त्याला केवळ लॉग शीटच्या शेरा या रकान्यातून कळते. त्यामुळे पॅकअपनंतर घरी निघण्यापूर्वी त्या दिवसाची शीट वाचून, अस्पष्ट अक्षर पुन्हा लिहून आणि ध्वनिमुद्रकाच्या फाइल क्रमांकांशी ताडून मगच ती पुढे सोपवावी.